प्रकल्प नोंदी: आडवा पडलेला हर्षल

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ताई आणि तनू दिवाळीच्या फराळाचे डबे परत द्यायला म्हणून आल्या आणि जाताना माझ्या गळ्यात काम बांधून गेल्या. शाळेत १३ डिसेंबरला विज्ञान प्रदर्शन आहे, आठवीला सूर्यमाला दिलीय, ग्रह चिठ्ठ्या टाकून वाटलेत. शनी कुणाला तरी लागला, गुरू कुणाला तरी, आमच्या तनूला युरेनस. पोरगी पार हिरमुसलेली, कारण फोटोत बघायला गेलं तर त्यात काही नाहीच, गुरूसारखे पट्टे नाहीत, मोठा डाग नाही, नुसता फिकट निळसर गुळगुळीत गोळा. म्हणते, "मामा, थर्माकोलचा गोळा रंगवून दे, बास." मी म्हटलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ असलेला मामा असताना थर्माकोल? लाज काढतीस व्हय माझी.

रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर वाचत बसलो, एक वाजला. थोडक्यात लिहून ठेवतो. सूर्यापासून सातवा. अंतर सरासरी २८७ कोटी किमी, म्हणजे आपल्यापेक्षा १९ पट लांब, तिथं सूर्याचा उजेड पोचायलाच २ तास ४० मिनिटं लागतात. एक फेरी ८४ वर्षांची. स्वतःभोवती सव्वासतरा तासात फिरतो, तेही उलटा. आणि सगळ्यात भारी म्हणजे तो उभा नाहीच, आडवा पडलाय. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललाय, याचा जवळजवळ ९८. पैलवान चितपट झाल्यासारखा पाठीवर पडून सूर्याभोवती लोळत चाललाय.

म्हणजे मॉडेल बनवायचं तर आडवेपणाचं बनवायचं. बाकी रंगबिंग नंतर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल त्रिपुरी पौर्णिमा, पंचगंगा घाटावर पणत्या बघायला सगळं घर गेलं, काम शून्य. आज दुपारी पार्टीचा माल पोचवून आल्यावर हिशोब केला.

गोळा ५० मिमीचा धरला. युरेनसचा व्यास ५१,११८ किमी, म्हणजे १ मिमीला साधारण हजार किमी, तोंडी हिशोबाला सोपं. याच मापात पृथ्वी साडेबारा मिमी, वाटाण्यापेक्षा जरा मोठी. चार पृथ्व्या शेजारी शेजारी ठेवल्या की युरेनसची रुंदी झाली. सूर्य मात्र १.३६ मीटरचा होतो, तो काय माझ्या चकात बसत नाही. आणि अंतर काढलं तर २.८ किमी! म्हणजे वर्कशॉपच्या दारात १.३६ मीटरचा सूर्य ठेवला तर पृथ्वी गल्लीच्या टोकाला दीडशे मीटरवर आणि युरेनस सरळ रेषेत पार रंकाळ्याकडं. तनूला फोनवर सांगितलं तर म्हणाली मग प्रदर्शनाचं टेबल केवढं लागेल मामा. टेबल चार फुटी मिळणार आहे. त्यामुळं अंतर स्केलमध्ये नाही, हे पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचं ठरलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

किरणोत्सवाचा दुसरा दिवस. तनू, ताई आणि मी अंबाबाईला गेलो पण आत शिरायला जागाच नव्हती, शेवटी महाद्वार रोडला एका दुकानाच्या पायरीवर उभं राहून मावळता सूर्य बघितला. तिथंच पोरीचा क्लास घेतला कारण यापेक्षा सोपं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन गाभाऱ्यात देवीवर पडतात, ती ९ ते ११ नोव्हेंबरला आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. दोनदाच का? तर सूर्य आता रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत मावळायलाय, २१-२२ डिसेंबरपर्यंत जाणार आणि मग परत फिरणार, परत येताना त्याच जागेवरनं जाणार. जाताना एकदा, येताना एकदा. आणि हे सरकणं कशामुळं, तर पृथ्वीच्या साडेतेवीस अंशाच्या कलण्यामुळं. पृथ्वी सरळ उभी असती तर सूर्य वर्षभर एकाच जागी मावळला असता, उत्सवच राहिला नसता.

तनूनं लगेच विचारलं, मग युरेनसवर किरणोत्सव किती वर्षांनी? पायरीवर बसूनच मोबाईलवर काढलं. आपल्या दोन किरणोत्सवात ८३ दिवस, नुसत्या वर्षाच्या प्रमाणात बघितलं तर तिथं ती १९ वर्षं होतात. म्हणजे किरण चुकले तर पुढचे बघायला पोरगी तेहतिशीला येणार. पण खरी गंमत वेगळी आहे, तिथं सूर्य साडेतेवीस अंशावर थांबत नाही, सरकत सरकत जवळजवळ ध्रुवाच्या डोक्यावर जातो. त्यामुळं ध्रुवावर ४२ वर्षं दिवस आणि ४२ वर्षं रात्र.

कॉफी पिऊन घरी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॉडेल नंबर एक झालं. खाली एमएस प्लेट, मधे २० मिमीचा शाफ्ट उभा वेल्ड केला, त्यावर एलईडी बल्ब हाच सूर्य. शाफ्टवर ६२०४ बेअरिंगमध्ये फिरणारा आडवा चौकोनी पाईप, त्याच्या टोकाला ब्रॅकेट, ब्रॅकेटला ४ मिमीचा रॉड बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून ९८ अंशात. खरा आकडा ९७.७७ आहे पण पॉईंट सत्याहत्तर कोण मोजायला येतंय. ९० च्या पुढं ८ म्हणजे रॉडचं डोकं जमिनीकडं जरासं झुकलंय, हीच त्याची उलट फिरण्याची खूण. आस उलथून पार ९० च्या पुढं गेलाय म्हणून फिरणं उलटं दिसतं.

गोळा नायलॉनचा काढला, बॉल टर्निंग अटॅचमेंटवर अर्ध्या तासात, असा गुळगुळीत की बोटातनं निसटतोय. लै खूश. रात्री फोटो पाठवला, ताईचा अंगठा आला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तनू शाळेतनं थेट वर्कशॉपला आली, युनिफॉर्ममध्येच. पाईप फिरवला. एक फेरी, दोन फेऱ्या, मग गप्प. मग म्हणते, "मामा, ह्याचा एकच ध्रुव कायम बल्बकडंच बघालाय की."

बघितलं तर खरंच. ब्रॅकेट पाईपला वेल्ड केलेलं, त्यामुळं पाईप फिरला की आसही पाईपबरोबर फिरतोय, डोकं सतत सूर्याकडं. "मग ४२ वर्षांनी दुसऱ्या बाजूला दिवस कसा होणार? मी बाईंना काय सांगतो?"

आठवीतल्या पोरीनं माझी चूक काढली आणि तीही वर्कशॉपातल्या पिंट्यासमोर. पण बरोबर आहे. ग्रहाचा आस अवकाशात एकाच दिशेला रोखलेला असतो, ग्रह कुठंही जाऊ दे. आपला आस कसा वर्षभर ध्रुवताऱ्याकडं, तसंच. ऋतू त्यामुळंच होतात, आस सूर्याच्या मागं मागं फिरत नाही म्हणून. हे मला शाळेत पाठ होतं आणि हातानं वेल्ड करताना डोक्यातच आलं नाही.

ग्राइंडर घेऊन ब्रॅकेट कापून काढलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आता प्रश्न असा की पाईप फिरला तरी टोकाचं ब्रॅकेट भिंतीच्या कॅलेंडरकडंच तोंड करून राहिलं पाहिजे. पिंट्या म्हणाला दोन सारखे गिअर लावू, मधला फिक्स, टोकाचा त्याच्यावरनं फिरेल. लेथचे ६० दात्यांचे दोन चेंज गिअर काढून टेबलावर लावून बघितले. एका फेरीत बाहेरचा गिअर दोनदा फिरला! म्हणजे आणखीनच वाट. मग दोघांच्या मधे तिसरा घातला, कसलाही, त्याचे दाते कितीही असू देत. आणि बाहेरच्या गिअरवर खडूनं मारलेला बाण जाग्यावर थांबला. फेरी पूर्ण मारली तरी बाण कॅलेंडरकडंच. पिंट्यानं टाळी दिली.

पण ६०० मिमीच्या पाईपवर तीन गिअर म्हणजे एकेक गिअर जेवणाच्या ताटाएवढा लागणार. मधला गिअर जे काम करतो तेच चेन करते हे लक्षात यायला एक चहा लागला. सायकलची चेन, दोन सारखी चाकं, मधलं शाफ्टला फिक्स. झालं काम.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज काम नाही, आण्णा वर्कशॉपला आले होते. आण्णा म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं फाउंड्रीत मोल्डर, आता गुडघ्यामुळं घरीच असतात पण रविवारी येऊन खुर्चीत बसायचंच. विचारलं, काय बनवालाईस. म्हटलं युरेनस. काही कळलं नाही. मग आठवलं आणि म्हटलं, हर्षल. "आरं मग हर्षल म्हण की! पत्रिकेत असतोय."

आणि खरं सांगायचं तर आपल्या पत्रिकेतला हा हर्षल म्हणजे विल्यम हर्शेल, शोधणारा माणूस. त्यानं स्वतः नाव ठेवलं होतं इंग्लंडच्या राजाचं, तिसऱ्या जॉर्जचं, बाकीच्या देशांना ते पटलं नाही, कोण हर्शेलच म्हणू लागलं, बोडे नावाच्या जर्मन खगोलज्ञानं युरेनस सुचवलं आणि शेवटी जगभर ते टिकलं. हर्शेल हे नाव बाकी सगळ्यांनी सोडलं, आपल्या पंचांगात मात्र आजपण चालू आहे. आमच्या गल्लीत दोन हर्षल आहेत, त्यांच्या आयांना हे सांगायला पाहिजे.

आण्णांना मी हर्शेलची गोष्ट सांगितली कारण ती मला वाचल्यापासून त्यांनाच सांगायची होती. माणूस पेशानं वादक, इंग्लंडात बाथ गावात चर्चचा ऑर्गन वाजवायचा, संगीताच्या शिकवण्या घ्यायचा. दुर्बिणी विकत घेणं परवडेना म्हणून आरसे घरीच बनवायला लागला. काचेचे नाहीत, तांबं आणि कथिल ओतून केलेले धातूचे आरसे, आणि मग हातानं पॉलिश. एकदा तर सलग १६ तास आरशावरनं हात काढला नाही, बहीण कॅरोलिन शेजारी बसून तोंडात घास भरवत होती. अशाच घरी केलेल्या दुर्बिणीतनं १३ मार्च १७८१ ला घरामागच्या बागेतनं त्याला हा दिसला. आधी वाटलं धूमकेतू. बरं, त्याच्या आधी फ्लॅमस्टीड नावाच्या इंग्लंडच्या खगोलज्ञानं १६९० मध्येच बघून तारा म्हणून यादीत लिहून ठेवला होता, ग्रह म्हणून ओळखला नाही एवढंच.

इथपर्यंत आण्णा हं हं करत होते. मग सांगितलं की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं घराच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतायला घेतला, साचा केला मातीत घोड्याची लीद घालून, आणि ती लीद खलबत्त्यात कुटून चाळायचं काम त्या बहिणीकडं. आण्णा खुर्चीत सरळ झाले.

"लीद घालायचीच की. भाजल्यावर ती जळून भोकं पडत्यात, गॅस भाईर जातोय. आमीबी घालत हुतो."

मग काय झालं विचारलं. म्हटलं धातू गळला, तळघराच्या दगडी फरशीवर आला आणि फरशा फुटून उडायला लागल्या, सगळे दारातनं पळत सुटले.

"उडणारच. दगूड पाणी पितोय. वल्या दगडावर रस पडला की बाँब. वाळू पसरायची खाली आधी." थोडा वेळ गप्प बसले आणि परत, "वादक हुता म्हणतोस?" म्हटलं हो. "मग ठीकाय. वादकाच्या मानानं लै केलं."

२४४ वर्षांपूर्वीच्या ओतकामाची चूक उद्यमनगरात खुर्चीवर बसून निघाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सायकलवाल्याकडनं दोन १८ दात्यांची फ्रीव्हील आणि एक नवी चेन आणली. चेन ११२ कड्यांची. अर्ध्या इंची पिच, दोन्हीकडं १८ दाते, गणित केलं तर दोन केंद्रांतलं अंतर ५९७ मिमी येतं. मला ६०० पाहिजे होतं! एकही कडी न काढता चेन जशीच्या तशी बसली, असं नशीब वर्षातनं एकदा. टोकाला स्लॉट पाडला, ताण द्यायला.

मधलं फ्रीव्हील शाफ्टला वेल्ड. बाहेरचं ब्रॅकेटच्या पिनवर. फिरवून बघितलं, आस कॅलेंडरकडं. परत फिरवलं. जेवायला जायच्या आधी आणखी चारदा फिरवलं, उगंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल युरेनस बरोबर सूर्यासमोर आला होता, म्हणजे रात्रभर आकाशात, वर्षात सगळ्यात जवळ. काल डिलिव्हरी होती म्हणून आज पन्हाळ्याकडं गेलो, तनू, ताई, मी आणि मित्राकडनं मागून आणलेली १०x५० ची बायनॉक्युलर. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, एकीच्या मागं अर्धा तास गेला. पण वर थंडी मस्त, अमावस्या नुकतीच झालेली, आकाश काळंभोर.

सध्या वृषभेत आहे, कृत्तिकेच्या पुंजक्याच्या जरा खाली. कृत्तिका दिसली की तिथनं दक्षिणेकडं बायनॉक्युलर हळूच सरकवायची, एका नजरेच्या आतच आहे. मोबाईलच्या ॲपशी ताडून बघत एक ठिपका पक्का केला. ठिपकाच. तनू म्हणाली एवढंच? म्हटलं एवढंच, पण तुझ्या डोळ्यात आत्ता जो उजेड शिरला तो आपण घरनं निघालो त्याच्याही आधी तिथनं निघालाय. लै अंधारात नुसत्या डोळ्यानंही अगदी काठावर दिसू शकतो म्हणतात, तेजाची प्रत ५.७ च्या आसपास. मला नाही दिसला, चाळिशी लागलीय. तनूला "दिसल्यासारखा वाटला". हर्शेलला सापडला तेव्हाही वृषभेतच होता. तेव्हापासून त्याच्या तीन फेऱ्याही पुऱ्या झालेल्या नाहीत, तिसरी २०३३ ला होईल.

खाली उतरून चहा आणि भजी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डायल. ३०० मिमीची ॲल्युमिनियमची चकती, त्यावर ८४ रेषा, एक रेष एक वर्ष. पिंट्या कंपास आणि कोनमापक घेऊन बसला होता, त्याला उठवला. ८४ भाग डिव्हायडिंग हेडवर काय सुंदर बसतात बघा, हँडलचे ४० फेरे म्हणजे चकतीचा एक फेरा: ४० भागिले ८४ म्हणजे १० भागिले २१, म्हणजे २१ भोकांच्या वर्तुळावर दरवेळी १० भोकं पुढं. मिलिंग मशीनवर अणकुचीदार टूल लावून एकेक रेष ओढली, ८४ वेळा हँडल, मधे फोन उचलायचा नाही असं ठरवलं होतं आणि बायकोचा फोन आला ५७ व्या रेषेला. उचलला नाही. संध्याकाळी त्याचं वेगळं झालं.

नंबर पंचनं वर्षं मारली. १९८६, तेव्हा एक ध्रुव जवळजवळ थेट सूर्याकडं होता आणि त्याच वर्षी २४ जानेवारीला व्हॉयेजर २ त्याच्या शेजारनं गेलं. आजपर्यंत तिथं गेलेलं हे एकमेव यान, तेही थांबलं नाही, ढगांपासून ८१,५०० किमीवरनं पुढं नेपच्यूनकडं. नंतर २१ रेषा पुढं २००७, तेव्हा विषुववृत्त सूर्यासमोर, दिवस रात्र सारखी. आणखी २१ पुढं म्हणजे या दशकाच्या शेवटी दुसरा ध्रुव सूर्याकडं. कक्षा अगदी गोल नाही त्यामुळं थोडं पुढंमागं होतं, पण पंच मारायला ठीक. पाईप १९८६ वर आणला, ध्रुव बल्बकडं. २००७ वर आणला, ध्रुव आडवा. व्हॉयेजरला तो गुळगुळीत गोळा दिसला आणि पुढं २००७ च्या आसपास मोठ्या दुर्बिणींना ढग, चकाकते ठिपके दिसायला लागले, ऋतू बदलला होता. म्हणजे पोरगी ज्या फोटोवर नाराज झाली तो फोटो चुकीच्या ऋतूतला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रंगाचा राडा. नायलॉनवर रंग धरत नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी मारला. सकाळी नखानं सालपट निघालं. मग सागवानाचा तुकडा घेऊन गोळा परत काढला, लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर, प्रायमर.

शेड कुठली यावर तनू आणि पेंटरची जुंपली. पेंटर गाड्यांना ड्युको मारणारा, त्यानं नेटवरचा गडद निळा फोटो दाखवला, तो नेपच्यूनचा निघाला. आणि त्यातही गंमत, २०२४ च्या एका अभ्यासात दाखवलं की नेपच्यूनसुद्धा इतका निळा नाही, जुन्या फोटोत बारकावे दिसावेत म्हणून रंग गडद केला होता, प्रत्यक्षात दोघंही फिकट हिरवट निळे, नेपच्यून किंचित जास्त निळा. हवेतला मिथेन सूर्यप्रकाशातला लाल रंग खातो म्हणून उरतो तो हा रंग. पेंटरनं आकाशी घेतला, त्यात पांढरा, आणि शेवटी चिमूटभर पिस्ता. त्या पिस्त्यानं काम झालं. डबीवर त्यानं "तनू ग्रह" लिहून ठेवलंय, परत लागला तर.

हवेत मुख्य हायड्रोजन आणि हेलियम. ढगात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास, २०१८ मध्ये हवाईच्या जेमिनी दुर्बिणीनं पकडला. हे वाक्य पाटीवर पहिलं पाहिजे असा तनूचा हट्ट. थंडी उणे २२४ अंशापर्यंत, ग्रहांच्या हवेत मोजलेली सगळ्यात कमी.

३ डिसेंबर, बुधवार

कडी राहिली होती. युरेनसला १३ कडी आहेत पण काळी, कोळशासारखी, आणि बारीक. सगळ्यात ठळक कडं, एप्सिलॉन, बरोबर ग्रहाच्या दुप्पट व्यासाचं, म्हणजे माझ्या मापात १०० मिमी. मिग वेल्डिंगची ०.८ ची तार वळवून केलं आणि काळं केलं. ही तारसुद्धा स्केलमध्ये ८०० किमी रुंद होते, खरं कडं जिथं रुंद आहे तिथंही शंभरच्या आत. यापेक्षा बारीक तार माझ्याकडं नाही. कडी विषुववृत्ताच्या पातळीत असतात, आणि ग्रह आडवा म्हटल्यावर कडं उभं, सायकलच्या चाकासारखं. मोठे चंद्रही तसेच उभे फिरतात. ओळखीचे २९ आहेत, शेवटचा यंदाच अवकाशातल्या वेब दुर्बिणीनं शोधला, आम्ही फक्त मिरांडा बसवला, तोही अर्ध्या मिमीचा व्हायला पाहिजे होता, मोहरीचा दाणा चिकटवला आणि गप्प बसलो.

कडं बसवल्यावर एक गोष्ट दिसली. वर्कशॉपचे दिवे बंद करून एक डोळा मिटून लांबच्या बारीक एलईडीकडं बघत मान हळूहळू सरकवली की तार आडवी येते तेव्हा दिवा क्षणभर झाकतो, मग गोळ्याआड जातो, आणि बाहेर आला की परत एकदा. कडी सापडली ती अशीच. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरनं जाणार होता, ते मोजायला अमेरिकेतले लोक विमानात दुर्बीण घालून उडाले होते, तर तारा झाकला जायच्या आधीच पाचदा मिचमिचला आणि नंतर परत पाचदा. त्याच रात्री आपल्याकडं तामिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेतनं भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामींनीही तारा मंदावताना पकडला होता. तनूनं ह्या दोघांचं नाव पाटीवर मोठं लिहिलंय.

१३ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. टेबल मिळालं कोपऱ्यात जिन्याखाली, तिथं प्लग नाही. ज्यांनी मांडणी केली त्यांना आठ दिवस आधी सांगितलं होतं की बल्ब आहे. शेवटी शेजारच्या ज्वालामुखीवाल्या पोराच्या बोर्डातनं वायर ओढली.

पहिला तास एकदम झकास. मग पाचवीतलं एक पोरगं आलं आणि त्यानं पाईप उलट्या बाजूला गरकन फिरवला. आस सुटला. ध्रुव १९८६ ला भलतीकडंच. तनू घाबरून माझ्याकडं बघते, मी चेन बघतो, चेन ठीक. मग लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला: बाहेरचं फ्रीव्हील! मधलं वेल्ड केलं, बाहेरच्याचा रॅचेट तसाच मोकळा. सायकल उलटी पायडल मारल्यावर जसं नुसतं कर्रकर्र करतं तसं. मी महिनाभर कायम एकाच बाजूला फिरवत होतो म्हणून कळलंच नाही. आणि शाळेत वेल्डिंग मशीन कुठनं आणू.

ब्रॅकेट हातानं फिरवून १९८६ ला जुळवलं. तनूनं वहीचं पान फाडलं, स्केचपेननं लिहिलं, "घड्याळाच्या उलट्या दिशेनेच फिरवा", आणि चिकटवलं. परीक्षक आले, त्यांनी विचारलं असं का. मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणते, "सर, उत्तरेकडून बघितलं तर सगळे ग्रह सूर्याभोवती याच दिशेनं जातात, उलटा एकही जात नाही, म्हणून आमचापण जात नाही."

सरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मी जिन्याकडं बघत उभा राहिलो.

नंबर दुसरा आला. पहिला ज्वालामुखी.

१४ डिसेंबर, रविवार

मॉडेल परत वर्कशॉपला. पहिलं काम, बाहेरच्या फ्रीव्हीलला वेल्डिंगचे तीन टॅक. आता कुठंही फिरवा.

आण्णा आलेले. डायलवर काय लिहिलंय विचारत होते, वर्षं वाचून दाखवली. म्हणाले माझं कुठाय. १९४१ चा पंच मारलेला नव्हता, १९८६ पासनं मागं ४५ रेषा मोजल्या आणि खडूनं खूण केली. तिथंच २०२५. सहस्रचंद्रदर्शन तीन वर्षांपूर्वी घरात थाटात झालं होतं, आता हर्षलचं एक वर्षही पुरं. मी म्हटलं तसं, तर आण्णा म्हणतात, "कशाचं पुरं? एक जून मास्तरानं लावलीया. आई म्हणायची थोरला पूर आला हुता तवा जलमला. त्यो कुठल्या साली, कुणाला ठावं."

म्हणजे एकदोन रेषा इकडंतिकडं. खडू पुसून जरा जाड खूण केली.

मग त्यांनी स्वतः पाईप धरून एक फेरी मारली, सावकाश, कान चेनकडं लावून. "ढिली हाय. एक कडी काढ."

"एक निघत न्हाई आण्णा, काढली तर दोन काढायला लागत्यात, मग पुरत न्हाई."

"मग स्लॉट कशाला पाडलाईस?"

स्लॉटचा बोल्ट सैल करून पाईपचं टोक दीड मिमी बाहेर ओढलं, परत आवळला.